मिलिंदची काळी वायर

मिलिंद, काल तुझ्या पुण्यानुमोदनाला सगळे बोलले, मीच तेवढा बोललो नाही.

वंदना झाली, तुझ्या फोटोला फुलं वाहून झाली, मग एकेकजण उठला. कोणी म्हणालं, तू फार शांत होतास. कोणी म्हणालं, तू कधी कोणाला उलटून बोलला नाहीस. मी मांडवात मागं बसून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, यांना मिलिंद माहीतच नाही. शेवटी तुझ्या पुतण्यानं माझं नाव पुकारलं. मी पुढं गेलो, माईक हातात घेतला, तर तो खरखर करायला लागला. वायरीचा जोड ढिला होता. मी तो दाबून नीट बसवला, माईक परत स्टँडला लावला आणि एक शब्द न बोलता जागेवर येऊन बसलो. मांडवात हसू पसरलं. संगीता वहिनीसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या आणि मग हसता हसता रडल्या. तू असतास तर म्हणाला असतास, "नाईक, वायरला हात लावू नको. तुझं काम न्हाई ते."

मला जे बोलायचं होतं ते माईकवर बोलण्यासारखं नव्हतं. ते कनेरगावच्या गाडीचं होतं आणि तुला एकट्याला सांगायचं होतं. अकरा वर्षं आज सांगू, उद्या सांगू असं करत राहिलो. आपण रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच अंगणात होतो, तरी वेळ मिळाला नाही असं म्हटलं तर तू पोट धरून हसशील. वेळ भरपूर होता. हिंमत नव्हती.

काल निघताना वहिनींनी तुझ्या शटरची चावी माझ्या हातावर ठेवली. म्हणाल्या, "भाऊजी, त्या मॅडमची गाडी आठ दिवस झाले तशीच उभी हाय. ह्यांचं काम अर्धं ठेवू नका." एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. तेव्हापासून चावी खिशात होती आणि छातीवर दगड होता. कारण ते काम माझं नव्हतं. ते पंख्याचं काम होतं, तुझं काम होतं, आणि त्याच कामावरून आपण जन्मभर भांडलो होतो.

आपलं भांडण साऱ्या वारंगा फाट्याला पाठ होतं. दोन शटर, अंगण एक. डावीकडं माझं इंजिनकाम, उजवीकडं तुझी वायरिंग. पहिल्याच दिवशी माझा आवाज ऐकून तू मला नाईक म्हणालास. आमच्या बंजारा तांड्याचा नाईक, म्हणजे पुढारी, माझा आजाही नव्हता न् बापही नव्हता, पण तू ती पदवी दिलीस आणि ती अशी चिकटली की आज गिऱ्हाइकांच्या मोबाईलमध्ये मी 'नाईक मिस्त्री' आहे. माझ्या आईला तू आमच्या बोलीत याडी म्हणायचास आणि ती माझ्याआधी तुला वाढायची. तेवढ्यावरूनसुद्धा मी तुझ्याशी भांडलेलो आहे.

पण खरं भांडण पंख्याचं. रेडिएटरला करंटवरचा पंखा बसवायला गाडी आली की माझं म्हणणं ठरलेलं असायचं. पंखा डायरेक्ट करून टाकावा. चावी फिरवली की पंखा फिरला, चावी बंद की पंखा बंद. हायवेवरचे निम्मे मिस्त्री तसंच करतात आणि कोणाचं काही अडत नाही. तुला मात्र मधे तो उष्णतेचा स्विच लागायचा, पाण्याच्या वाटेवर बसवलेला. पाणी तापलं की तो आपोआप जुळतो आणि पंखा सुरू होतो, पाणी निवलं की पंखा गप्प.

"ताप नसताना लेकराला गोळी देतो का तू?" तू विचारायचास. "थंडीत इंजिन गरमच होऊ देत न्हाई तुझा डायरेक्ट पंखा. इंजिन डिझेल पितं, पंख्याची मोटार जळती. पाण्याला कळतं कधी तापलं ते. आपण काहून मधी पडायचं?"

"आन् स्विचनं सांगितलंच न्हाई तर?"

"म्हणून तर तीनदा पाहतो."

हे तुझं तीनदा पाहणं म्हणजे गिऱ्हाइकांच्या धीराची परीक्षा होती. काम झालं की तू इंजिन चालू करायचास, बॉनेट उघडं ठेवायचास आणि समोर ऑइलचा डबा उलटा घालून त्यावर बसायचास. हात गुडघ्यावर. कोणी काही दाबायचं नाही, ओढायचं नाही. पंखा आपला आपण आला पाहिजे, आपला आपण थांबला पाहिजे, असं तीन वेळा. मगच चावी. एकदा एक ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "अहो, गाडी न्यायला आलो, पाहुणपणाला न्हाई." तू त्याला डब्यावर जागा करून दिलीस.

आणि त्याच्याही आधी रुक्माबाईचं पातेलं. आपल्या अंगणाला लागून तिचं चहाचं हॉटेल. नवा स्विच आला की तू तो पहिल्यांदा तिच्या चुलीवर नेऊन उकळत्या पाण्यात सोडायचास. स्विचच्या डोक्याला लाल वायर, अंगाला काळ्या वायरीचा चिमटा, मधे बॅटरी आणि छोटा दिवा. पाणी उकळायला आलं की दिवा लागायचा, म्हणजे स्विच खरा. पहिल्या वेळी तिनं तुला उलथनं घेऊन हाकललं होतं. पुढं तिनंच एक पोचे आलेलं पातेलं तुझ्यासाठी बाजूला काढलं आणि तू त्याच्या कानाला तारेचा तुकडा बांधलास, म्हणजे त्यात चुकून कोणी चहा करू नये. तू लग्नाला गेला होतास तेव्हा मी घाईत स्विच चहाच्याच पातेल्यात बुडवला. दिवा लागला, पण तोपर्यंत दोन ड्रायव्हर अर्धा अर्धा कप प्याले होते. त्यानंतर महिनाभर रुक्माबाईनं मला बिनसाखरेचा चहा दिला आणि तू समोर बसून तुझा गोड चहा फुरके मारत प्यायलास.

आता कनेरगावचं.

तो स्विच अर्धा माझा होता आणि अर्धा तुझा, खरी गोम तिथंच होती. बसतो पाण्यात, म्हणजे माझ्या हद्दीत. वायर लागते डोक्याला, म्हणजे तुझ्या हद्दीत. भावाभावांत बांधावरून होते तशी आपली त्याच्यावरून व्हायची. मी पाण्याचा माणूस. इंजिनमधून एक थेंब गळला तरी मला घास उतरत नाही. आट्याची कोणतीही वस्तू असो, तिच्या आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळल्याशिवाय मी ती बसवत नाही. तू म्हणायचास, "नाईक, स्विचला टेप नको. ह्याला एकच वायर हाय. करंटची परतीची वाट त्याच्या अंगातूनच इंजिनच्या लोखंडात जाती. तू मधी टेप घालतो न् वाट बुजवतो." मी म्हणायचो, कागदाएवढ्या टेपनं काय वाट बुजती? आणि गळलं तर गिऱ्हाईक मला बोलणार, तुला नाही.

कनेरगाव नाक्यावरच्या त्या ढाबेवाल्याची गाडी तू बिनटेपची केली होतीस. तीनदा पाहिलंस, हात धुतलेस आणि घरी जेवायला गेलास. तू गेल्यावर मला स्विचच्या बुडाशी ओल दिसली. थेंब नव्हता, नुसती ओल. मला राहवेना. मी स्विच काढला, टेप गुंडाळली, दोन वेढे नाही, चांगले आठ, आणि आवळून बसवला. वायर परत लावली, पुसून चकचकीत केलं. तेवढ्यात तो आला आणि मीच त्याच्या हातात चावी दिली. तीनदा पाहणं तुझं होऊन गेलेलं होतं. मी एकदाही पाहिलं नाही.

हिंगोली ओलांडून वाशीम रोडला लागल्यावर गाडी उकळली. बायको, आई, सगळे भर उन्हात रस्त्याच्या कडेला. फोन तुला आला. तो एवढ्यानं ओरडत होता की मला माझ्या शटरमध्ये ऐकू येत होतं, "तीनदा पाहिलं म्हणून सांगता आन् पंखा एकदाबी आला न्हाई!" दुसऱ्या दिवशी तू हत्याराची पिशवी घेऊन एसटीनं कनेरगावला गेलास. मला चल म्हणालास. मी म्हणालो, माझ्या हातात काम आहे. हातात काहीच नव्हतं.

संध्याकाळी तू आलास, घटाघटा पाणी प्यायलास. मी विचारलं, "काय निघालं?"

"जोड ढिला व्हता," तू म्हणालास. "माझाच."

गाडी ओढून आपल्याकडं आणली. इंजिनचं हेड मी खोललं, गॅस्केट मी बदललं, तोंड तेवढं खोललं नाही. तो ढाबेवाला जाईल त्याला सांगायचा की फाट्यावरच्या मिलिंदनं माझी गाडी भर रस्त्यात बसवली. वाशीमकडच्या गाड्या कितीतरी दिवस तुझ्या शटरकडं वळल्या नाहीत. तू रिकामा बसून जुन्या वायरी सोलत राहायचास आणि मी पलीकडं हातोडा आपटत राहायचो. मला संशय होता, मिलिंद. पण तू स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतंस, जोड माझाच. मी तेवढं घट्ट धरून ठेवलं.

पुढं मला आणखी आधार मिळाला. तू टेपवरून भांडणं सोडून दिलंस. मी गुंडाळायचो, तू बघायचास आणि काही बोलायचा नाहीस. मला वाटलं, जिंकलो. कितीतरी गाड्यांना मी टेप लावली आणि प्रत्येकीचा पंखा तीनदा बराबर आला. म्हणजे टेपचा काही दोष नव्हता, कनेरगावचा जोड खरंच ढिला होता, अशी मी माझी समजूत घालून टाकली. माणूस स्वतःचा वकील असला की खटला लवकर सुटतो.

त्याच सुमाराला तुला एक नवा नाद लागला होता. एक वीतभर काळी वायर, दोन्ही टोकांना रिंगा. एक रिंग स्विचच्या गळ्यात, दुसरी गाडीच्या सांगाड्याच्या बोल्टला. लोखंडात बसलेल्या लोखंडाला वायर कशाला, हे मला कधी कळलं नाही आणि मी कधी धड विचारलंही नाही. गिऱ्हाईक विचारायचं, ही काळी वायर कशाची? मी तुझ्याआधी उत्तर द्यायचो, "दृष्ट लागू नये म्हणून हाय. मिलिंद गाडीला काळा दोरा बांधतो." सगळे हसायचे, कारण गाडीला लिंबू-मिरची दिसली की तुझ्या कपाळाला आठ्या पडतात हे फाट्यावर कोणाला माहीत नव्हतं? तू चिडायचा नाहीस. स्क्रू आवळत म्हणायचास, "तुही टेप तुला, माही वायर मला. काम कर."

शेवटच्या दिवशीही पंख्यावरून आपलं झालंच. सिद्धेश्वरकडच्या शाळेवरच्या मॅडमची जुनी पांढरी गाडी. पंखा तू सकाळीच जागेवर बसवला होतास, वायरिंग बाकी होतं. मॅडमना दुपारी निघायचं होतं. मी म्हटलं, "डायरेक्ट करून टाक, जाऊ दे त्यांना."

"मॅडमला घाई हाय. इंजिनला कुठं हाय?"

"तू मरशील, पण स्विच सोडणार न्हाई," मी म्हणालो.

"व्हय," तू म्हणालास आणि हसलास. हात पुसलेस, घरी गेलास, जेवलास, आडवा झालास आणि उठला नाहीस.

हे माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं. पहिले दोन दिवस मी त्यासाठी स्वतःला फार बोल लावले. मग वाटलं, दुसरं काय बोललो असतो? इतकी वर्षं हेच बोलत आलो. आणि तू हसला होतास, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. जाताना माणसाच्या तोंडावर हसू होतं, आणि ते माझ्या बोलण्यानं आलेलं होतं. एवढं पुरे आहे मला.

आज सकाळी तुझं शटर उघडलं. गाडी तशीच होती, बॉनेट वर, पंख्याच्या दोन वायरी लोंबत. निरोप दिला होता, मॅडम वेळेवर आल्या. आधी तुझ्याबद्दल दोन शब्द बोलल्या, मग हळूच म्हणाल्या, "नाईक मिस्त्री, तुम्हाला तकलीफ नको. डायरेक्ट करून द्या. मला चालेल."

बघ, गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडानं म्हणत होतं. अर्ध्या तासाचं काम. कोणाला कळणार नव्हतं, कोणी विचारणार नव्हतं. वायर माझ्या हातात होती. पण समोरचा पैलवान आलाच नाही म्हणून आखाड्यातून जिंकल्याचा नारळ घेऊन घरी यावं, तसं वाटलं मला. तुझी शेवटची गाडी डायरेक्ट करून पाठवली असती तर वहिनींना चावी कोणत्या तोंडानं परत दिली असती? मी मॅडमना म्हटलं, वेळ लागेल. त्यांनी पिशवीतून वह्यांचा गठ्ठा काढला आणि रुक्माबाईच्या बाकावर तपासत बसल्या.

तुझा पत्र्याचा बिस्किटाचा डबा उघडला. वर पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर तुझ्या हातची आकृती. बॅटरी, चावी, पंखा, स्विच, आणि मधोमध रिले, म्हणजे स्विचचा निरोप घेऊन पंख्याला करंट सोडणारी ती छोटी डबी. तिच्या चार पायांवर चार नंबर. तुझं अक्षर शाळेतल्यासारखं गोल आहे, हे मी आज पहिल्यांदा पाहिलं. पुठ्ठ्याखाली काळ्या वायरींची जुडी होती, वीत वीतभर कापून, दोन्ही टोकांना रिंगा लावून तयार. मी ती बाजूला सारली. डोळ्यांत पाणी होतं, तरी मनात म्हणालोच, दृष्टीचा दोरा मी काही बांधणार नाही.

रुक्माबाईनं तुझं पातेलं त्या दिवसापासून पालथं घालून ठेवलं होतं. मी स्विच घेऊन गेलो तर तिनं न विचारता ते सुलटं केलं, पाणी घातलं, चुलीवर ठेवलं. "मिस्त्री, इकडं ठेवलं बरं का तुमचं," ती म्हणाली, "चहाचं तिकडं हाय." मी लाल वायर डोक्याला लावली, काळ्याचा चिमटा अंगाला. पाणी उकळलं आणि दिवा लागला. रुक्माबाईनं पदरानं डोळे पुसले आणि धुरावर राग काढला.

मग मी टेप गुंडाळली. सहा वेढे. स्विच बसवला, पुठ्ठा समोर टेकवून एकेक पाय जोडला. तू जे तासात करायचास त्याला मला अडीच तास लागले. इंजिन चालू केलं आणि तुझ्या डब्यावर बसलो, हात गुडघ्यावर.

काटा वर चढला. निम्म्यावर आला. तुझा पंखा जिथं यायचा तिथं आला. आणि पुढं गेला. पंखा हलला नाही. मी गाडी बंद केली, निवू दिली, फ्यूज पाहिला, पंख्याला बॅटरीची वायर टेकवून पाहिली, गरगर फिरला. रिले काढून परत लावली. पुन्हा चालू केलं, पुन्हा काटा वर, पुन्हा काही नाही. मॅडमनी वहीतून मान वर केली. मी म्हटलं, "होतंय," आणि माझा हात आपोआप डायरेक्टच्या वायरीकडं गेला. खरं सांगतो, गेला.

"काहून हो?" रुक्माबाई तिकडून ओरडली. "पातेल्यात तर लागला व्हता दिवा!"

लागला होता. मी चुलीकडं पाहिलं. पातेल्यात काय होतं जे गाडीत नव्हतं? तोच स्विच, तशीच बॅटरी. डोक्याला लाल वायर होती, ती इथंही आहे. अंगाला काळा चिमटा होता. तो मीच लावला होता, माझ्या हातानं, तीन तासांपूर्वी. गाडीत स्विचच्या अंगाला काय होतं? माझी टेप होती. सहा वेढे, चारी बाजूंनी, वाट बुजवून.

मी उठून डब्याकडं गेलो, जुडीतली एक वायर ओढून काढली. एक रिंग स्विचच्या गळ्यात, एक सांगाड्याच्या बोल्टला. इंजिन चालू केलं, बसलो. काटा वर आला आणि पंखा सुरू झाला. गरम वारा सरळ तोंडावर आला आणि मला सगळं एकदम कळलं.

तुला माहीत होतं. कनेरगावला रस्त्याच्या कडेला तू तो स्विच काढलास तेव्हाच तुला माझे आठ वेढे दिसले असणार. या फाट्यावर आठ वेढे दुसरं कोण घालतं? तू ते पाहिलंस, टेप काढून टाकलीस, एसटीत बसून परत आलास आणि म्हणालास, जोड माझाच. आणि त्यानंतर टेपवरून एक शब्द न बोलता प्रत्येक गाडीला करंटची परतीची वेगळी वाट करून दिलीस, म्हणजे मी खुशाल टेप गुंडाळावी आणि तरी कोणाची गाडी रस्त्यात उभी राहू नये. अकरा वर्षं. आणि मी चारचौघांत त्याला काळा दोरा म्हणत राहिलो.

आधी तुझा रागच आला. एक शिवी हासडायची होतीस. सगळ्यांसमोर टेप माझ्या तोंडावर फेकायची होतीस. मग डब्यावर बसल्या बसल्या विचार केला, तू तसं केलं असतंस तर मी काय केलं असतं? मान्य केलं असतं? मी वायरीतच खोट काढली असती, आवाज चढवला असता, आणि आठ दिवसांत माझं शटर रस्त्याच्या पलीकडं हलवलं असतं. मी मला ओळखतो, आणि तू मला त्याहून जास्त ओळखत होतास. तुला भांडण जिंकायचं नव्हतं. तुला मी शेजारी हवा होतो.

दुसऱ्यांदा पंखा आला. मग थांबला. मधल्या वेळात मी तुला ते सांगून टाकलं, मोठ्यानं नाही, नुसतं ओठ हलवून. तू जेवायला गेला होतास तेव्हा मी स्विच काढला होता, मिलिंद. तुझा जोड चांगला होता. तुला माहीत होतं, तरी माझ्या तोंडून यायला हवं होतं, म्हणून सांगितलं. इतकं हलकं वाटेल असं मला वाटलं नव्हतं. भूक लागली.

तिसऱ्यांदा पंखा आला, थांबला, मी बॉनेटखालून हात काढले. मॅडमनी वह्या पिशवीत घातल्या आणि चावी घ्यायच्या आधी त्यांनी आत वाकून पाहिलं, शिक्षकांना असते तशी सवय. "ही काळी वायर कशाची?" त्यांनी विचारलं. "तुम्ही म्हणता ती दृष्टीची का?"

रुक्माबाई ऐकत होती. दोन ड्रायव्हर चहा पीत उभे होते.

"न्हाई मॅडम," मी म्हणालो. "ती माझ्या चुकीची हाय. कनेरगावची गाडी मिलिंदमुळं न्हाई बसली, माझ्यामुळं बसली. तवापासून तो ही लावायचा."

मॅडमना कनेरगावचं काही माहीत नव्हतं, पण त्यांनी मान हलवली आणि चावी घेतली. त्या ड्रायव्हरांपैकी एक वाशीमकडचा आहे, दर आठवड्याला कनेरगावावरून जातो. तो ढाब्यावर थांबेल आणि बोलेल, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. रुक्माबाईनं माझ्यासमोर चहा ठेवला, साखर घातलेला.

चावी उद्या वहिनींना परत देईन, तुझं काम पूर्ण झालं म्हणून सांगेन. त्या ठेवा म्हणाल्या तर ठेवून घेईन. आता या वयात माझी सवय जाणार नाही, टेप मी गुंडाळणारच. तुझ्या डब्यात अजून चौदा वायरी आहेत.